बसस्टँडमागचं झेरॉक्सचं दुकान: प्रभाग रचनेच्या हरकतीचं काम केलं, त्याचा अनुभव

पाच पैकी साडेचार स्टार. अर्धा काहून कापला ते खाली येईलच.

या दुकानात लोक सहसा सातबारा, पीक विमा, जातीचा दाखला, पोरांचे स्कॉलरशिपचे फॉर्म यासाठी जातात. मीही आधी त्यासाठीच जात होती. पण मी लिहून राहिली ते ऑगस्ट 2025 च्या कामाबद्दल, नगरपरिषदेची प्रारूप प्रभाग रचना, म्हणजे निवडणुकीसाठी गावाचे प्रभाग कसे पाडले त्याचा कच्चा आराखडा, निघाली होती आणि आमच्या वस्तीला हरकत घ्यायची होती तेव्हाच्या. असं काम दुकानदाराकडून करून घेता येतं हेच मला माहीत नव्हतं, कोणाला कामी पडेल म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आमचं गाव म्हणजे तालुक्याचं ठिकाण, क वर्ग नगरपरिषद, चारी बाजूंनी कपाशी आणि सोयाबीन. निवडून आलेल्या बॉडीची मुदत संपून तीन वर्षांच्या वर झाले होते, प्रशासक बसलेला, नालीवरचं झाकण तुटलं तरी सांगायला नगरसेवक नाही. मग 6 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अडकलेल्या निवडणुका घ्या, आणि तिथून सगळं एकदम धावायला लागलं. प्रारूप लागलं तेव्हा नोटीस बोर्डावर नकाशा होता पण जाळीच्या आत, आणि इतका बारीक की माझ्या मोठ्या पोरालाही वाचता येईना. व्हॉट्सअॅपवर फोटो फिरत होता, झूम केला की नुसते डाग. कोणी म्हणे आपण चारमध्ये, कोणी म्हणे पाचमध्ये, आणि तारीख तर निघून चालली होती.

मी, माझी जाऊ आणि शेजारच्या आजी अशा तिघी गेलो. निंदणाचे दिवस होते, एक रोज पाडून गेलो, म्हणजे मजुरी बुडाली, ते सांगणं भाग आहे कारण असल्या कामाचा खरा खर्च तोच असतो. दुकानात पोळ्याची गर्दी होती, तान्ह्या पोळ्याच्या स्पर्धेचे फॉर्म भरायला पोरं आलेली, लाकडी नंदी काउंटरवरच ठेवलेले. मला वाटलं आज आपलं काही होत नाही. पण दादाने विषय ऐकला आणि म्हणाला, "बसा ताई, याले वेळ लागते पण करून देतो." मोबाईलवरचा फोटो त्याने पाहिलाही नाही. सरळ वेबसाईटवरून मूळ पीडीएफ उतरवली, चार ए-थ्री कलर पानांवर तुकडे करून काढली आणि मागून सेलोटेप लावून एक मोठा नकाशा केला. काउंटरवर मावेना म्हणून खाली फरशीवर अंथरला. त्याच्याभोवती आम्ही तिघी गुडघ्यावर.

आणि मग त्याने जे केलं त्यासाठी हा रिव्ह्यू आहे. नकाशा हातात देऊन पैसे घेतले असते तरी कोणी काही म्हटलं नसतं. तो पण खाली बसला. म्हणाला, "आधी आपलं घर नाही पाहाचं. आधी नाला पाहाचा, मंग कॅनॉल, मंग डांबर रोड. ते सापडलं की घर आपोआप सापडते." दहा मिनिटं लागली आम्हाला. आजी शाळा शिकली नाही, पण नाला कुठून वळतो ते तिलाच सगळ्यात आधी दिसलं, कारण त्या वळणावर तिने तीस वर्षं धुणं धुतलं. तिने बोट ठेवलं आणि म्हणे, "हे पाहा, हा आपला विहार."

माझ्या जावेच्या पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट होतं. तिने एक टिकली काढून नकाशावर आमच्या घराच्या जागी लावली. मग आजीच्या घरी एक. मग आठवून आठवून एकेकीचं घर, अंगणवाडी, हापसी, समाजमंदिर. पाकीट अर्धं संपलं. उभ्या राहून पाहिलं तर पोटात धस्स झालं. लाल टिकल्यांच्या मधोमध प्रभागाची जाड निळी रेघ गेलेली. विहार आणि अंगणवाडी एका प्रभागात, आणि मागची चाळीसेक घरं दुसऱ्यात, तीही अशा प्रभागात की ज्याची बाकी वस्ती पार कॅनॉलपलीकडे.

तेव्हा दादाने सांगितलेल्या गोष्टी मी वहीत लिहून घेतल्या, कारण कार्यालयात आम्हाला इतकं कोणी सांगितलं नव्हतं.

पहिली, प्रभागाचे नंबर काही चिठ्ठ्या टाकून पडत नाहीत. गावाच्या उत्तरेकडून एक नंबर सुरू होतो, ईशान्येकडून पूर्वेला जातो, मग पूर्वेकडून पश्चिमेला असं करत करत शेवट दक्षिणेत होतो. म्हणून मागच्या वेळी आपण तीनमध्ये होतो म्हणून यावेळी तीनच पाहिजे या भांडणाला काही अर्थ नाही. नगरपरिषदेत प्रभाग दोन सदस्यांचा असतो, अ आणि ब, एकूण संख्या विषम आली तर एखादा तिघांचा, म्हणजे मतदाराने दोन मतं सदस्यांना द्यायची आणि तिसरं नगराध्यक्षाला. नगरपंचायतीत वेगळं, तिथे 17 प्रभाग आणि प्रत्येकाचा एकच सदस्य. आमच्या क वर्गात कमीत कमी 20 सदस्य, म्हणजे 10 प्रभाग.

मग त्याने बिलाच्या मागच्या बाजूला हिशेब करून दाखवला. समजा गावची लोकसंख्या 26 हजार आणि सदस्य 20, तर एका सदस्यामागे 1300 माणसं, दोघांच्या प्रभागात 2600. त्यात दहा टक्के खालीवर चालतं, म्हणजे 2340 ते 2860 मध्ये प्रभाग बसला पाहिजे. म्हणून कधीकधी रेघ वाकडी जाते, प्रत्येक वाकड्या रेघेत कोणाची सेटिंगच असते असं नाही, हे त्याने आम्हाला आधीच सांगितलं. मला हे आवडलं. आम्ही रागात होतो, तो आणखी तेल ओतू शकला असता.

पण मग त्याने रचनेसोबतचं परिशिष्ट उघडलं, कोणत्या प्रभागात कोणते तुकडे घेतले त्याची यादी. जनगणनेत गावाचे लहान लहान तुकडे केलेले असतात, त्याला प्रगणक गट म्हणतात, एका प्रगणकाने मोजलेली घरं. प्रभाग रचना म्हणजे हे तुकडे एकमेकांना जोडणं, तुकडा शक्यतो फोडायचा नाही. नदी, नाला, मोठा रस्ता, रेल्वे लाईन यांना धरूनच हद्द न्यायची. आणि अनुसूचित जाती-जमातीची वस्ती शक्यतो दोन प्रभागांत वाटायची नाही. त्याने आमच्या गटाचा नंबर स्केच पेनाने गोल केला, मग पुढच्या प्रभागाची यादी काढली, तिथेही तोच नंबर. म्हणजे आमचाच गट फोडलेला. दोन ठिकाणी तोच नंबर छापलेला पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण काही उगाच ओरडून नाही राहिलो.

वस्ती फुटली तर काय बिघडते, असं माझ्या घरच्यांनी संध्याकाळी विचारलं होतं म्हणून हेही लिहिते. अनुसूचित जातीची राखीव जागा कोणत्या प्रभागात जाणार ते टक्केवारीवरून ठरतं, ज्या प्रभागात टक्का सगळ्यात जास्त तिथून सुरू करून खाली खाली येतात. आता वस्ती एका जागी असली तर टक्का वर दिसतो. तीच वस्ती दोन प्रभागांत वाटली की दोन्हीकडे टक्का कमी, आणि आपण दोन्हीकडे थोडे थोडे. राखीव जागेचं सोडा, रोजचं पाहा. अंगणवाडीच्या पत्र्यासाठी एका नगरसेवकाच्या दारी जायचं, अंगणवाडीत पोरं पाठवणाऱ्या अर्ध्या बायांचं मत मात्र दुसऱ्याला. तो म्हणणार तुम्ही माझ्या प्रभागातल्या नाही. हे आम्ही आधी भोगलेलं आहे, नळाच्या लाईनीच्या वेळी.

आता दुकानदाराचा दुसरा गुण. आमच्या आजीला नवीन लेआऊटचा राग होता. रोडच्या पलीकडे शेतं एनए होऊन घरंच घरं झाली, तिथे इतके लोक राहतात तरी ती जागा नकाशावर जवळपास रिकामी कशी? दादाने सांगितलं की सगळा हिशेब 2011 च्या जनगणनेवर आहे, 2021 ची झालीच नाही, त्यामुळे त्यानंतर आलेलं माणूस या मोजणीत नाही. मी म्हटलं मग हेही लिहा अर्जात. तो नाही म्हणाला. "ताई, हे खरं हाय, पण याच्यावर साहेब काही करू शकत नाही, नियमच तो हाय. जे नकाशात बदलता येते तेवढंच लिवा, नाही तं आपला मुद्दा पातळ होते." टायपिंगचे पैसे पानावर घेतो तो, जास्त लिहिलं असतं तर त्याचाच फायदा होता. तरी दोन पानांत बसवलं.

आणि एक गोष्ट त्याने गांभीर्याने बजावली की हरकतीची तारीख कोणत्याही परिस्थितीत सोडायची नाही. संविधानात 243 झेडजी नावाचं कलम आहे, त्याने स्थानिक निवडणुकीच्या मतदारसंघांची आखणी कोर्टात आव्हान द्यायला फार कमी जागा ठेवली आहे. मोठे लोक वकील लावून नागपूर खंडपीठापर्यंत जातात ते जाऊ देत, आमच्यासारख्यांचं बोलणं ऐकून घ्यायची हक्काची जागा म्हणजे ही हरकत आणि ही सुनावणी. गावात किती जणांना हे माहीत होतं? बहुतेक जण तर म्हणत होते की आधी निवडणूक लागू द्या, मग पाहू.

अर्जात दोनच मुद्दे टाकले. एक, प्रगणक गट फुटला आणि त्यासोबत वस्ती फुटली, सोबत नकाशाचा तुकडा आणि परिशिष्टाच्या दोन्ही पानांची झेरॉक्स. दुसरा मुद्दा आजीच्या डोळ्यांनी सापडला. हद्दीच्या वर्णनात दक्षिणेला लिहिलं होतं, आटाचक्कीपासून पूर्वेकडे रस्त्याने. आता आटाचक्की पाच-सहा वर्षांपूर्वी जुन्या गल्लीतून उठून चौकात आली, जुन्या जागी आता कृषी केंद्राचं गोडाऊन आहे. नकाशातली रेघ जुन्या चक्कीवरून जाते, आणि जो आज कागद वाचून चालेल तो नव्या चक्कीवरून जाईल. मध्ये एक पूर्ण गल्ली आहे, तिथली घरं कुठली? हे वाचून दाखवलं तेव्हा आजी म्हणे, "चक्की तं कवाच हालली न बाप्पा." दादाने हे वाक्य जवळपास तसंच शुद्ध करून अर्जात टाकलं.

उपाय पण लिहायला लावला त्याने. नुसतं "आमच्यावर अन्याय झाला" लिहून होत नाही, गट कोणत्या प्रभागात ठेवावा आणि ठेवल्यावर दोन्ही प्रभागांची लोकसंख्या दहा टक्क्यांत बसते का हे दाखवावं लागते. परिशिष्टातले आकडे घेऊन त्याने कॅल्क्युलेटरवर बेरीज करून दाखवली, बसत होती. माझ्या मते आमचं काम त्या बेरजेने झालं.

खर्च सांगते. नकाशाची चार पानं 40 प्रमाणे 160, टायपिंग दोन पानं 100, साठ झेरॉक्स 2 रुपयांप्रमाणे 120. एकूण 380. वस्तीत 41 सह्या झाल्या, त्यात 9 अंगठे, घरटी दहा रुपये जमवले तर 410 आले. उरलेल्या तीस रुपयांत आवक शिक्क्याच्या पोचपावतीचं लॅमिनेशन केलं. कोणाकडून एक पैसा चंदा घेतला नाही, कोणत्या इच्छुकाकडून तर नाहीच, आणि घ्यायला नको होता म्हणून सांगते, कारण दोन इच्छुकांनी निरोप पाठवला होता.

इच्छुकांवरून आठवलं. आम्ही फरशीवर बसलो होतो तेव्हाच गावातले एक मोठे भाऊ, यावेळी उभे राहणार म्हणून बोलल्या जात होते, तेही नकाशा काढायला आले. दादाने आमचा टिकल्यांचा नकाशा हळूच गुंडाळून काउंटरखाली ठेवला आणि त्यांना त्यांचा काढून दिला. ते गेल्यावर परत अंथरला. एक शब्द बोलला नाही. लहान गावात दुकानदाराचं पोट सगळ्यांवर चालतं, अशा वेळी इकडचं तिकडे जाणं किती सोपं असतं ते इथे राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. आमचं काही फुटलं नाही.

आता अर्धा स्टार. अर्ज टाइप केला दादाच्या भाच्याने, त्याने पहिल्या पानावर आमचा प्रभाग बरोबर टाकला आणि दुसऱ्या पानावर विनंतीमध्ये नंबर उलटे टाकले. म्हणजे आम्ही जिथून निघू पाहत होतो तिथेच आम्हाला ठेवा अशी विनंती. घाईत आमच्याही लक्षात आलं नाही, सह्या झाल्या, आणि आवक खिडकीवर रांगेत उभी असताना मी परत वाचलं तेव्हा दिसलं. हात थरथरले. परत दुकानात, परत प्रिंट, परत दारोदारी सह्या, आजीचा अंगठा परत. दादाने पैसे घेतले नाहीत, माफी मागितली, भाचा स्वतः गाडीवर घेऊन फिरला. तरी हे व्हायला नको होतं. ज्या कागदावर चाळीस घरांचं ठरणार आहे तो गाणी लावून टाइप करायचा नसतो. तुम्ही गेलात तर प्रिंट काढायच्या आधी स्क्रीनवर स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून घ्या.

दुसरं, दुकानाचा ओटा फार उंच आहे, आजीला दोघींनी धरून चढवावं लागलं. दोन विटा टाकून पायरी केली तर म्हाताऱ्या माणसांचं भलं होईल. दादा, वाचत असाल तर एवढं कराच.

सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी होती. एसटीने गेलो, बायांना अर्धं तिकीट आहे मार्च 2023 पासून म्हणून सहा जणी जाऊ शकलो, नाही तर दोघींनीच जावं लागलं असतं. साडेअकराची वेळ दिली आणि पावणेतीनला नाव पुकारलं. आत पाच मिनिटंही मिळाली नाहीत. पण साहेबांसमोर टेबलावर टिकल्यांचा नकाशा उघडला आणि त्यांनी चष्मा वर करून विचारलं, हे लाल काय आहे? माझ्या जावेने सांगितलं, "साहेब, ह्या आमच्या टिकल्या होय. एकेक टिकली एकेक घर." त्यांनी शेजारच्या अधिकाऱ्याला प्रगणक गटाचा नंबर पाहायला लावला आणि त्याने मान हलवली. बस, एवढंच.

अंतिम रचना आली तेव्हा गट परत एका प्रभागात होता. हद्दीच्या वर्णनातून चक्की काढून रस्त्याचं नाव आणि कॅनॉलचा पूल टाकला होता. कॅनॉलकडची एक बाजू आम्हाला पाहिजे तशी झाली नाही, तिथल्या आठ-दहा घरांना अजून वाईट वाटते, आणि त्यांचं वाईट वाटणं बरोबर आहे. आम्ही त्यांच्यासाठी वेगळा अर्ज करायला पाहिजे होता, ते डोक्यात आलं नाही.

ऑक्टोबरात परत याच दुकानात गेली. प्रभाग ठरला तरी मतदार यादी वेगळी असते हे लक्षात ठेवा. 1 जुलै 2025 ची विधानसभेची यादी घेऊन तिचे प्रभागाप्रमाणे तुकडे करतात, त्यात नाव या प्रभागातून त्या प्रभागात जातं. नवीन नाव त्यावेळी जोडल्या जात नाही, पण चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव दुरुस्त होते. दादाने यादी उतरवून ठेवलेली होती, नाव सांगितलं की पान काढून दाखवायचा, नुसतं पाहायचे पैसे घेत नव्हता. आमच्या गल्लीतल्या 14 जणांची नावं शेजारच्या प्रभागात निघाली, माझ्या सासऱ्यांचं एकट्याचं तिकडे आणि आम्ही सगळे इकडे. हरकतीचा अर्ज, घरटॅक्सची पावती, आधारची झेरॉक्स, यावेळी भाच्याने तीनदा वाचून टाइप केलं. बारा नावं परत आली. 2 डिसेंबरला मतदान झालं तेव्हा सासरे आमच्यासोबतच रांगेत होते. राहिलेल्या दोघांना दोन किलोमीटर चालत दुसऱ्या शाळेत जावं लागलं.

जाणाऱ्यांसाठी एवढंच. दुकान सकाळी नऊला उघडतं. मंगळवारी आठवडी बाजार असतो त्या दिवशी जाऊ नका, उभं राहायला जागा नसते. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर टायपिंग चालतं पण कलर प्रिंट निघत नाही, म्हणून नकाशाचं काम सकाळीच करा. सोबत घरटॅक्सची पावती, वस्तीतलं एखादं जुनं माणूस आणि टिकल्यांचं पाकीट न्या. आमचा नकाशा आता विहारातल्या भिंतीवर लावलेला आहे, टेपचे कोपरे सुटायला आले, पण ज्याला पाहायचा त्याने येऊन पाहावा, फोटोही काढू देतो.